न मागता जे मिळतं ते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

टपरीवर जाऊन आपण म्हणतो, ‘‘एक चहा द्या.’’ एवढंच. त्यात दूध घाला, साखर घाला, असं कुणी सांगत बसत नाही. तरीही आपल्यापुढे येतो तो दुधाचा, गोड चहा. ज्याला साखर चालत नाही त्याला मात्र तोंड उघडावं लागतं, ‘‘माझा बिनसाखरेचा हं!’’ गर्दीच्या वेळी सांगायचं राहून गेलं, की मुकाट्यानं गोड प्यावा लागतो. चहावाल्यानं हे ठरवताना काही सभा घेतलेली नसते. बहुतेक गिऱ्हाइकांना काय चालतं याचा त्यानं अंदाज बांधलेला असतो आणि तो अंदाज रोज शेकडो कपांमध्ये ओतला जात असतो.

संगणकाच्या जगात या गोष्टीला ‘डिफॉल्ट’ असं नाव आहे. मराठीत तिच्यासाठी ‘पूर्वनिर्धारित’ असा शब्द काढलेला आहे, पण तो जिभेवर बसत नाही. मी आपलं साधं म्हणतो, ‘न मागता जे मिळतं ते’. नवा मोबाइल हातात आला की त्याची घंटी कोणती, अक्षरं केवढी, इंटरनेट कशातून उघडायचं, फोटो कुठे जाऊन साठायचे, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. बदलण्याची सोय असते, नाही असं नाही. पण बदलतं कोण? आपल्यापैकी बहुतेकजण वर्षानुवर्षं तसंच वापरत राहतात.

मोबाइल किंवा विंडोजच्या बाबतीत हे कंपनी ठरवते. पण जगात अशाही संगणकप्रणाली आहेत, ज्या हजारो स्वयंसेवकांनी मिळून बांधल्या आहेत. तिथे मालक नाही, गिऱ्हाईक नाही. मग तिथे चहात साखर किती घालायची हे कोण ठरवतं आणि कशावरून? आज त्याबद्दल बोलायचं आहे. या विषयात मी पडलो तो एका चुकीमुळे. ती चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

२००९ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. कुणीतरी त्यांना चार जुने संगणक देणगी दिले होते. ते चालू करून द्यायला मी गेलो. प्रणाली लिनक्सची बसवायची, हे माझं ठरलेलं होतं. फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि तिला विषाणूंचा त्रास जवळजवळ नसतो. बसवताना संगणक एकेक प्रश्न विचारतो. भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कुठली. मी घाईत होतो. ‘पुढे, पुढे, पुढे’ असं दाबत गेलो. दुपारपर्यंत चारही यंत्रं सुरू झाली. ग्रंथपाल बाईंना पुस्तकांची यादी कशी करायची ते दाखवलं, चहा घेतला आणि एस.टी. पकडून परत आलो. मोठं काम केल्याचं समाधान होतं.

दीड वर्षानं पुन्हा त्या गावी जाणं झालं. बाईंनी मोठ्या कौतुकानं यादी दाखवली. दोन हजारांवर पुस्तकं त्यांनी एकटीनं चढवली होती. पण सगळी इंग्रजी लिपीत! मराठी पुस्तकांची मराठी नावं, रोमन अक्षरांत. आणि ‘मृत्युंजय’ एकदा ‘म्रु’ करून, एकदा ‘म्रि’ करून, तर एकदा शेवटी जादा ‘ए’ लावून. एकाच पुस्तकाची तीन स्पेलिंगं. वाचक पुस्तक मागायचा, बाई एक स्पेलिंग घालून शोधायच्या आणि संगणक म्हणायचा, ‘नाही’. पुस्तक कपाटात असायचं. काही पुस्तकं तर ‘नाहीत’ असं समजून वर्गणीच्या पैशातून पुन्हा विकत घेतलेली होती. ज्या वाचनालयाचं वीजबिल भरताना ओढाताण होते, त्या वाचनालयाच्या पैशातून.

मी विचारलं, ‘‘बाई, मराठीत का नाही लिहिलंत?’’

त्या म्हणाल्या, ‘‘सर, तुमच्या मशीनला मराठी येत नाही ना!’’

मराठी त्या यंत्राला येत होतं. देवनागरी अक्षरं त्यात होती, मराठी कळफलकही होता. फक्त यादीतून निवडायचा होता, अर्ध्या मिनिटाचं काम. मी तो निवडला नव्हता आणि बाईंना असं काही निवडता येतं हे कळायला मार्गच नव्हता. ग्नोम नावाचा जो पडदा लिनक्सवर बऱ्याचदा असतो, त्यात दोन कळफलक निवडलेले असले, तरच वरच्या पट्टीत भाषेची छोटी खूण दिसते. एकच असेल तर खूणच नाही. म्हणजे ज्याला दुसरा कळफलक हवा आहे, पण तो आहे हे ठाऊक नाही, नेमक्या त्याच माणसाला काहीही दिसत नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘बदलता येतं की!’ हे आम्हा संगणकवाल्यांचं आवडतं उत्तर आहे. पण बदलता येणं आणि बदलता येतं हे ठाऊक असणं, यांत त्या वाचनालयाची दीड वर्षं गेली होती.

आता लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं संगणकप्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्याआधी, १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची ‘ग्नू’ ही चळवळ सुरू केली होती. या दोन्हींच्या जोडीला जगभरच्या लोकांनी हजारो प्रोग्राम लिहिले. पण नुसता गाभा आणि सुटे प्रोग्राम म्हणजे वाण्याच्या दुकानातलं सामान झालं. त्याचा स्वयंपाक कुणीतरी करायला हवा. हे काम करणाऱ्या गटांना ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी ‘डेबियन’ सुरू केलं. ते आजही स्वयंसेवकच चालवतात. २००४ साली दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी डेबियनच्याच पायावर ‘उबुंटू’ उभं केलं. त्यामागे त्यांची कंपनी आहे आणि स्वयंसेवकांचा मोठा समुदायही आहे.

डेबियनच्या कोठारात आज साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. पत्र लिहायला दहा प्रोग्राम, गाणी ऐकायला वीस, चित्रं पाहायला पंचवीस. तेव्हा यापुढचं खरं काम प्रोग्राम लिहिण्याचं नाही, निवडण्याचं आहे. साठ हजारांतून कोणती दोन-तीन डझन पहिल्याच दिवशी पडद्यावर दिसावीत? आणि ती कशी मांडलेली असावीत?

एवढं काय त्यात, असं तुम्ही म्हणाल. तर संगणकाबाहेरचं एक उदाहरण देतो. २००३ साली एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन या दोन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अवयवदानाच्या संमतीवर एक लेख लिहिला. जर्मनीत अवयवदानासाठी आपण होऊन होकार नोंदवावा लागे. तिथे संमती होती १२ टक्के लोकांची. शेजारच्या ऑस्ट्रियात उलट पद्धत. नको असेल तर नकार नोंदवायचा, एरवी होकार धरला जाई. तिथे संमती ९९.९८ टक्के. दोन्ही देशांची भाषा एक, राहणी बरीचशी सारखी. फरक कागदावर न मागता काय धरलं जातं याचा. अर्थात कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष अवयवदान नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. पण माणूस सहसा ठरलेलं बदलत नाही, हे या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

व्यापाऱ्यांना हे आपल्या आधी कळलं. गूगलवर अमेरिकेत मक्तेदारीचा खटला चालला, त्यात २०२३ साली एक आकडा उघड झाला. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्ये आपलाच शोध न मागता मिळावा, म्हणून गूगलनं २०२१ या एका वर्षात इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. बदलण्याची सोय सगळीकडे होतीच. लोक बदलत नाहीत, याच भरवशावर एवढा पैसा दिला जात होता.

तेव्हा स्वयंसेवकांनी बांधलेल्या प्रणालीत हा निर्णय कसा होतो, हे पाहण्यासारखं आहे. तिथले वाद उघड्यावर होतात. कुणी काय म्हणालं, का म्हणालं, हे लिहिलेलं राहतं. मला त्यातून बरंच शिकायला मिळालं.

पहिली गोष्ट जागेची. उबुंटू सुरुवातीला एका सीडीवर यायचं. २००५ ते २०११ या काळात अशा सीड्या जगभर पोस्टानं फुकट पाठवल्या जात. एका सीडीत मावतात सुमारे ७०० मेगाबाइट. म्हणून नियम असा, की एका कामाला एकच प्रोग्राम. नवं काही घ्यायचं तर जुनं काहीतरी उतरवायचं. एस.टी.च्या बाकावर तिघांची जागा असते, चौथा आला की कुणालातरी उठावं लागतं, तसं.

२००९ च्या शेवटी त्यांच्या विकासकांच्या बैठकीत असंच एक नाव निघालं. ‘गिम्प’ हा चित्रं दुरुस्त करण्याचा प्रोग्राम. मुक्त सॉफ्टवेअरचा तो अभिमानाचा विषय. तो उतरवायचं ठरलं आणि एप्रिल २०१० च्या आवृत्तीत तो दिसला नाही. पुष्कळांना राग आला. ‘आमचं सर्वात चांगलं हत्यार तुम्ही दाराआड ठेवलंत,’ असा तो राग होता. उलट बाजूचं म्हणणं असं, की गिम्प व्यावसायिकांचं हत्यार आहे. सामान्य माणसाला फोटो सरळ करायचा असतो, कडा कापायच्या असतात, डोळ्यांतला लाल ठिपका घालवायचा असतो. तेवढं फोटोंच्या साध्या प्रोग्राममध्ये होतं. ज्याला गिम्प हवं, त्याला ते नाव ठाऊक असतं, तो ते कोठारातून उतरवून घेईल.

मला हा युक्तिवाद पटतो. कारण त्यात एक चांगली कसोटी आहे. ज्याला वस्तूचं नाव माहीत आहे, तो ती शोधून काढतो. ज्याला नावच माहीत नाही, त्याच्यापुढे ती आधीच असायला हवी. गिम्प वापरणारा पहिल्या वर्गातला. आमच्या ग्रंथपाल बाई दुसऱ्या वर्गातल्या.

पण या कसोटीची एक अट आहे. ‘कोठारातून उतरवून घेईल’ असं म्हणताना इंटरनेट गृहीत धरलेलं असतं. आमच्या वाचनालयात ते नव्हतं. तिथल्या मुलांनी एकदा भजनांची सीडी आणली, एमपीथ्री प्रकारातली. संगणकात घातली तर वाजेना. पडद्यावर सूचना आली, की यासाठी लागणारा भाग इंटरनेटवरून घ्यावा. कुठून घेणार? एक विश्वस्त वैतागून म्हणाले, ‘‘साधं भजन लागत नाही, तर हा संगणक काय पूजेला ठेवायचा?’’

त्यामागचं कारण असं. एमपीथ्रीच्या तंत्रावर तेव्हा काही देशांत पेटंट होती. जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीत तो भाग सरसकट घालणं कायद्यानं अडचणीचं होतं. म्हणून उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रणालींनी तो बाहेर ठेवला. ‘लिनक्स मिंट’सारख्या काहींनी बरीच वर्षं तो आत घातला आणि त्यामुळेही त्या लोकप्रिय झाल्या. २०१७ साली एमपीथ्रीच्या पेटंटांची परवाना-योजना बंद झाली आणि हा प्रश्न मिटला. म्हणजे न मागता काय मिळतं, हे दर वेळी कुणाच्या आवडीनिवडीवर नसतं. कधी कायदा ठरवतो, कधी सीडीतली जागा ठरवते. दूरच्या देशातल्या पेटंटाचा परिणाम साताऱ्यातल्या भजनावर होतो.

दुसरी गोष्ट, ठरवतं कोण? त्याच २०१० सालच्या उबुंटूमध्ये खिडकी बंद करायची, लहानमोठी करायची बटणं उजवीकडून उचलून डावीकडे नेली. वर्षानुवर्षं उजवीकडे जाणारा हात एकदम अडखळला. लोकांनी तक्रारी केल्या, विचारलं, की हे ठरवताना आमचं मत का घेतलं नाही? शटलवर्थ यांनी उत्तर दिलं, त्याचा सारांश असा, की चांगल्या सूचना आणि चांगली माहिती यांचं स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय मतदानानं होत नसतात. उत्तर कडू होतं, पण आडपडदा नव्हता. बटणं डावीकडेच राहिली. २०१७ मध्ये उबुंटूनं आपला स्वतःचा पडदा सोडून पुन्हा ग्नोम घेतला, तेव्हा ती उजवीकडे परत आली.

डेबियनची तऱ्हा निराळी. तिथे मालक कुणीच नाही. दर वर्षी निवडणुकीनं नेता निवडतात, पण त्याच्या हातात फार सत्ता नसते. ज्यानं जो भाग सांभाळायला घेतला, त्याचा निर्णय तो घेतो. वाद चिघळला तर तांत्रिक समिती आणि अगदीच गरज पडली तर सर्वांचं मतदान. तिथली एक हकिकत मला फार आवडते.

डेबियन बसवताना न मागता जो पडदा मिळायचा तो ग्नोम. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. तिचं रूप अगदी नवं होतं, तिला ताकदवान यंत्र लागे आणि जुन्या लोकांना ती रुचली नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, ग्नोम पहिल्या सीडीत मावत नाही या कारणानं, त्याजागी ‘एक्सएफसीई’ हा हलका पडदा ठेवला गेला. पुढची आवृत्ती मे २०१३ मध्ये बाहेर पडली, तोवर निर्णय फिरला होता आणि तीत ग्नोमच होता. २०१३ च्या नोव्हेंबरात पुन्हा एक्सएफसीई आला, ‘तूर्त असू द्या, वर्षभरात फेरविचार करू’ या बोलीवर. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तो फेरविचार झाला आणि ग्नोम परत आला. हा भाग तेव्हा जोई हेस नावाचे जुने विकासक पाहत होते. त्यांनी नुसता बदल केला नाही, तर त्याची कारणंही लिहून ठेवली.

त्यातलं एक ठळक कारण होतं, ज्यांना दिसत नाही किंवा हातांनी नीट काम करता येत नाही अशा लोकांची सोय. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा ‘ऑर्का’ नावाचा वाचक ग्नोमबरोबर चांगला जुळलेला होता. एक्सएफसीई त्या बाबतीत मागे होता.

आता बघा, डोळस माणसाला ग्नोम आवडला नाही तर तो पाच मिनिटांत दुसरा पडदा घेईल. पण ज्याला दिसत नाही, त्यानं आधी काय करायचं? बोलणारा प्रोग्राम बसवण्यासाठी पडदा वाचावा लागतो आणि पडदा वाचण्यासाठी बोलणारा प्रोग्राम लागतो. हे कुलूप आतून फक्त आधीच घेतलेल्या निर्णयानं उघडतं. डेबियन बसवायला घेतलं की सुरुवातीच्या यादीपाशी संगणक ‘टुक्’ असा आवाज करतो. तिथे इंग्रजी ‘एस’चं बटण दाबून एंटर केलं की पुढचं सगळं तो बोलून विचारतो आणि प्रणाली बसल्यावरही बोलण्याची सोय चालू ठेवतो. एक आवाज आणि एक बटण. पण ते नसतं, तर अंध माणसाला दर वेळी शेजाऱ्याला हाक मारावी लागली असती.

त्या निर्णयावर नाराज झालेलेही पुष्कळ होते. जुनी यंत्रं वापरणाऱ्यांना हलका पडदा हवा होता आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आमच्या वाचनालयाची यंत्रं जुनीच होती की! पण जुन्या यंत्रावर दुसरा पडदा निवडणारा माणूस, मी धरून, ती निवड स्वतः करू शकतो. म्हणून कुणाला त्रास झाला तरी चालेल आणि कुणाला होता कामा नये, हे ठरवताना संख्येपेक्षा हे पाहावं लागतं, की बदल करण्याची ताकद कुणापाशी आहे.

‘मग मोजा ना, लोक काय वापरतात ते!’ असं कुणीही म्हणेल. डेबियनमध्ये मोजणीची सोय आहे. बसवताना विचारलं जातं, की तुम्ही कोणती पॅकेजेस वापरता याची माहिती, नाव न सांगता, पाठवू का? गंमत अशी, की या प्रश्नाचं आधी भरलेलं उत्तर ‘नाही’ असं आहे. म्हणजे जो मुद्दाम ‘हो’ म्हणेल, तोच मोजला जातो. मुद्दाम ‘हो’ म्हणणारा माणूस हौशी असतो. घाईत ‘पुढे, पुढे’ दाबणारा माझ्यासारखा किंवा ग्रंथपाल बाईंसारखी व्यक्ती त्या मोजणीत सहसा येतच नाही. शिवाय जे आधीपासून यंत्रात होतं, तेच जास्त वापरलं जातं. तेव्हा लोकांची आवड मोजायला जावं, तर मोजला जातो आपलाच कालचा निर्णय.

मग ते उत्तर ‘हो’ असं का भरून ठेवत नाहीत? मोजणी किती चांगली होईल! त्याचं उत्तर एका वेगळ्या प्रसंगात सापडतं. २०१२ च्या ऑक्टोबरात आलेल्या उबुंटूमध्ये, आपल्याच संगणकातली एखादी फाइल शोधायला शब्द टाइप केला, की तो शब्द इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाई आणि शोधाच्या उत्तरांत अ‍ॅमेझॉनच्या दुकानातल्या वस्तूही दिसत. बंद करायची सोय होती, पण ती करायची वापरणाऱ्यानं. स्टॉलमन यांनी यावर कडक टीका केली, इतरांनीही केली. अखेर एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत हे न मागता बंद ठेवलं गेलं, हवं त्यानं चालू करायचं.

कंपनीची बाजूही समजून घेऊ. प्रणाली फुकट द्यायची, सीड्या पोस्टानं पाठवायच्या, पगार द्यायचे, तर पैसा कुठून तरी यायला हवा. पण नको असलेला प्रोग्राम काढून टाकता येतो, डावीकडची बटणं उजवीकडे आणता येतात. आपल्या संगणकातून बाहेर गेलेला शब्द परत आणता येत नाही. जी चूक परत फिरवता येत नाही, तिच्या बाबतीत न मागता ‘नाही’ हेच बरं. मोजणी अर्धवट राहिली तरी चालेल.

तिसरी गोष्ट अगदी आपल्या घरातली. भाषा आणि देश. बसवताना ‘अमेरिकी इंग्रजी’ असं पहिलंच आलेलं उत्तर तसंच ठेवलं, की त्याबरोबर पुष्कळ गोष्टी न मागता येतात. तारीख महिना आधी लावून येते, म्हणजे ५/६ हा आपला पाच जून असतो आणि संगणकाचा सहा मे. छपाईचा कागद ‘लेटर’ आकाराचा धरला जातो, तर आपल्या बाजारात मिळतो ए-४. मग छापताना मजकूर सरकतो आणि आपण प्रिंटरला दोष देतो. आकड्यांतले स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे न पडता मिलियनप्रमाणे पडतात. हिशेब लिहिणाऱ्याला विचारा, त्यानं डोळा किती चुकतो ते! याच ठिकाणी भारत निवडला, की यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर येतात.

आणि मराठी? तेही काही आकाशातून पडलेलं नाही. डेबियनच्या बसवण्याच्या पडद्याचं, ग्नोमचं, लिब्रेऑफिसचं मराठी भाषांतर माणसांनी ओळ-ओळ बसून केलेलं आहे. लिनक्सवर दिसणारी ‘लोहित’ ही देवनागरी अक्षरं रेड हॅट कंपनीनं मुक्त परवान्याखाली सर्वांना दिली आणि ती मुळात आली होती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून. म्हणजे साहित्य सगळं कोठारात आहे. ते पानात वाढलं जातं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. भाषांतर करणाऱ्यानं रात्री जागून केलेलं काम, शेवटच्या माणसानं घाईत दाबलेल्या ‘पुढे’पाशी वाया जाऊ शकतं. माझ्या हातून गेलंच होतं.

त्या दिवशी बाईंच्या यंत्रात मी मराठी कळफलक लावला. इनस्क्रिप्टही दाखवला आणि उच्चाराप्रमाणे चालणाराही. त्यांनी इनस्क्रिप्ट घेतला, कारण त्यात स्वर एका हाताला आणि व्यंजनं दुसऱ्या हाताला, हे त्यांना बाराखडीसारखं सोपं वाटलं. वरच्या पट्टीत भाषेची खूण आली. बाई त्या खुणेकडे पाहत म्हणाल्या, ‘‘सर, हे बटण पहिल्या दिवशी दिसलं असतं, तर मी तुम्हाला फोनसुद्धा केला नसता.’’ दोन हजार नावं पुन्हा लिहायला त्यांना आणि कॉलेजच्या दोन मुलींना पुढचे चार महिने लागले.

त्यानंतर मी कुठेही संगणक बसवला, की आधी एका कागदावर तीन प्रश्न लिहितो. इथे बसणाऱ्यांपैकी ज्याला काही बदलता येणार नाही, असा माणूस कोण? माझा अंदाज चुकला तर ती चूक परत फिरवता येईल का? आणि दुसरा पर्याय आहे, हे पडद्यावर कुठेतरी दिसतं का? एवढ्यानं सगळं बरोबर येतं असं नाही. एका शाळेत मी अक्षरं मोठी ठेवली, तर मुलांनी दुसऱ्याच दिवशी लहान केली. पण मास्तरांना ती मोठीच हवी होती आणि त्यांनी कधी तसं मागितलं नसतं.

मोठ्या प्रणाली बनवणारेही आता या दिशेनं विचार करू लागले आहेत. उबुंटूनं २०१८ मध्ये ‘मोजकंच बसवा’ असा पर्याय दिला आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून मोजकंच हे न मागता मिळू लागलं, बाकीचं हवं त्यानं बसवताना निवडायचं. हे बरोबर की चूक, यावर वाद चालू आहे. लिब्रेऑफिस पहिल्या दिवशी दिसलं नाही, तर पत्र कशात लिहायचं हे नवख्याला कळेल का? मला विचाराल, तर वाचनालयासाठी मी अजूनही ‘सगळं बसवा’ हेच निवडतो.

आज घरी गेल्यावर एक करून पाहा. आपला मोबाइल किंवा संगणक घ्या आणि सेटिंग्ज नावाचं ते दार उघडा. तारीख, भाषा, कळफलक, अक्षरांचा आकार, कोणता प्रोग्राम तुमची काय माहिती पाठवतो, हे एकदा वाचून काढा. अर्धा तास लागेल. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हेच करा, कारण ते स्वतः सांगणार नाहीत, त्यांना वाटतं फोन असाच असतो. आणि लिनक्स वापरत असाल व मराठीत काही अडलं, तर ते त्या प्रणालीच्या लोकांना कळवा. तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत. साध्या शब्दांत लिहिलेली तक्रारही वाचली जाते. पुढच्या आवृत्तीत कुणाच्यातरी पुढ्यात मराठीची ती खूण पहिल्याच दिवशी येईल, ती कदाचित तुमच्या चार ओळींमुळे असेल.